मधुमेह, किडनी आणि रक्ताचे रिपोर्ट: कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६२. टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून, जोडीला रक्तदाब. सहा वर्षांपूर्वी क्रिएटिनिन ०.७ होतं, परवाच्या रिपोर्टमध्ये १.० आलं. लॅबने शेजारी ०.६ ते १.१ अशी रेंज छापली आहे, म्हणून घरात सगळे निश्चिंत. युरिया आणि युरिक ॲसिड जरा वर आहेत. ओळखीतल्या कुणीतरी ‘सिस्टॅटिन सी करून घ्या, त्यात लवकर कळतं’ असं सुचवलंय. डॉक्टरांनी लघवीचीही एक तपासणी लिहिली होती, पण रक्त दिलंच आहे म्हणून ती राहून गेली. आणि विचारलंय असं, की मधुमेहात किडनी बिघडायला लागली की रक्तात सगळ्यात आधी काय बदलतं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर आईच्या किडनीचं काम सहा वर्षांत चांगलंच उतरलेलं दिसतं. आणि जी तपासणी राहून गेली, तीच सगळ्यात आधी करायची होती.

०.७ आणि १.० यांत फरक तो केवढा, ०.३ चा. पण क्रिएटिनिन हा आकडा नुसता वाचायचा नसतोच. त्यावरून ईजीएफआर काढायचा असतो, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात याचा अंदाज. २०२१ साली सुधारलेलं सीकेडी-ईपीआय सूत्र सध्या बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. त्यात वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच घालावं लागतं. आईचं वय ५६ असतानाचं ०.७ त्यात घातलं तर ईजीएफआर येतो साधारण १०१. आताचं १.० घातलं तर ६४. वयोमानाने दर वर्षी एखादा मिलिलिटर कमी होतो, ते धरलं तरी सहा वर्षांत सहा-सात जायला हवे होते. इथे ३७ गेलेत. वर्षाला सरासरी सहा. वर्षाला पाचपेक्षा जास्त घसरण सातत्याने होत असेल तर आम्ही तिला वेगाने होणारी घसरण म्हणतो. आणि हे सगळं होत असताना रिपोर्टवर क्रिएटिनिनचा आकडा रेंजच्या बाहेर गेलेला नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचा कुठलाही रिपोर्ट तुम्हाला स्वतःला वाचता येईल.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायूंतल्या क्रिएटिनचा ठरावीक हिस्सा रोज मोडतो, त्याचं क्रिएटिनिन होतं, ते रक्तात येतं आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. गाळणं कमी झालं की रक्तात साचतं. आता ज्याचे स्नायू जास्त, त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त. ज्याचे कमी, त्याचं कमी. त्यामुळे छापील रेंज सगळ्यांना सामावून घ्यायला ऐसपैस ठेवावी लागते, आणि त्या ऐसपैस रेंजमध्ये एखाद्याची निम्मी किडनी गेलेलीही खपून जाते. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर ईजीएफआर ९५ च्या आसपास, म्हणजे उत्तम. ६५ वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल तर ५६. रेंज दोघांनाही तीच छापलेली असू शकते.

दुसरी गोम क्रिएटिनिन आणि गाळण्याच्या नात्यात आहे. ते नातं सरळ रेषेचं नाही. सुरुवातीला किडनीचं काम बरंच घटतं तेव्हा क्रिएटिनिन जेमतेम हलतं. शेवटी शेवटी किडनी थोडीशी आणखी गेली तरी क्रिएटिनिन उडी मारतं. ०.७ चं १.० होताना आईचे ३७ मिलिलिटर गेले. तेच ३.० चं ३.३ झालं असतं, तर त्याच वयाच्या बाईचा ईजीएफआर फक्त दोनेकने उतरला असता. दोन्हीकडे फरक ०.३ चाच. माझा अनुभव असा, की लोक घाबरतात ते ३.० चं ३.३ झाल्यावर, खरं तर धावपळ करायची ती ०.७ चं १.० होताना, कारण तेव्हा वाचवायला काहीतरी शिल्लक असतं.

मधुमेहात यात आणखी एक भर पडते. आजाराच्या सुरुवातीच्या काळात, विशेषतः शुगर चढी असताना, किडनी नेहमीपेक्षा जास्त गाळते. गाळणीच्या आतला दाब वाढलेला असतो, म्हणून ईजीएफआर १२० किंवा त्याहूनही वर दिसू शकतो. क्रिएटिनिन छान ०.५, ०.६. रुग्ण खूश, कधीकधी डॉक्टरही. हा जास्तीचा आकडा तब्येतीचं लक्षण नसून ताणाचं असतं. पुढे तो १२० वरून ९० वर आला की कागदावर ‘९० म्हणजे नॉर्मल’ असंच दिसतं, पण एक चतुर्थांश काम कमी झालेलं असतं. त्यामुळे मधुमेही माणसाने क्रिएटिनिनची तुलना छापील रेंजशी करण्याऐवजी स्वतःच्याच जुन्या क्रिएटिनिनशी करावी. जुने रिपोर्ट फेकू नका हे मी प्रत्येकाला सांगतो ते याचसाठी. फाइलमधला आठ वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद कधीकधी आजच्या महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

आता याची दुसरी बाजू. एका वाढलेल्या क्रिएटिनिनवरून ‘किडनी गेली’ असंही म्हणायचं नाही. क्रिएटिनिन खोटं वाढवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. आदल्या रात्री भरपूर मांस खाल्लेलं असेल, तपासणीच्या आदल्या दिवशी जबर व्यायाम झाला असेल, जिमवाल्यांचं क्रिएटिन पावडर चालू असेल, तर आकडा वर येतो. काही औषधं किडनीला धक्का न लावता क्रिएटिनिन वाढवतात: लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम, ट्रायग्लिसराइडसाठीचं फेनोफायब्रेट. ट्रायमेथोप्रिमचं कारण असं, की थोडं क्रिएटिनिन गाळणीतून न जाता किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींमार्फत थेट लघवीत सोडलं जातं, आणि हे औषध नेमकी तीच वाट अडवतं. उलट्या-जुलाब, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, गुडघेदुखीसाठी आठवडाभर घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या, यांनी मात्र किडनीचं काम खरोखर कमी होतं, पण ते बहुतेकदा तात्पुरतं असतं. म्हणून किडनीचा आजार ‘जुनाट’ म्हणायचा तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसायला हवा असा नियम आहे. आईचा रिपोर्ट काढला तेव्हा ती आजारी होती का, वेदनाशामक चालू होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवून पाहा.

लॅबची पद्धतही विचारात घ्यावी लागते. पिक्रिक ॲसिडवर आधारलेली जाफे यांची पद्धत १८८६ सालची आहे आणि अजूनही अनेक लॅबमध्ये तीच, सुधारलेल्या रूपात, चालते. तिचा दोष असा की रक्तातले कीटोन, बरीच चढलेली शुगर असे इतर पदार्थही ती क्रिएटिनिन म्हणून मोजते. मधुमेही माणसाला कीटोॲसिडोसिस झालेला असताना, म्हणजे रक्तात कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झालेलं असताना, काढलेलं क्रिएटिनिन म्हणूनच फसवं वर दिसू शकतं. एन्झाइम पद्धतीत हा गोंधळ फारसा होत नाही. दोन वेगळ्या लॅबच्या आकड्यांत ०.१ चा फरक आला तर त्यावरून काही ठरवू नका. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

आणि उलट दिशेचा खोटेपणा जास्त घातक. आजारपणाने, म्हातारपणाने, अंथरुणाला खिळल्याने स्नायू झडले की क्रिएटिनिन तयारच कमी होतं. किडनी अर्धी झालेली असली तरी आकडा ०.८ दाखवतो. पाय कापावा लागलेल्या मधुमेही रुग्णात हे हमखास होतं.

इथे सिस्टॅटिन सी उपयोगी पडतं. हे एक छोटं प्रथिन आहे, केंद्रक असलेली शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ते बनवते, त्यामुळे स्नायू कमी की जास्त याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. गाळणीतून ते आरपार जातं आणि पुढे नलिकांमध्ये मोडलं जातं. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही घालून काढलेला ईजीएफआर, एकट्या कुठल्याही आकड्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ जातो. किडनीच्या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी केडिगो ही आंतरराष्ट्रीय संस्थाही जिथे अचूकता हवी तिथे दोन्ही एकत्र वापरायला सांगते. पण ‘त्यात लवकर कळतं’ हे अर्धसत्य आहे. सिस्टॅटिन सीचेही स्वतःचे रुसवे-फुगवे आहेत. थायरॉइड जास्त काम करत असेल तर ते वाढतं, कमी काम करत असेल तर उतरतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढतं. लठ्ठपणा, धूम्रपान, अंगातली जुनी सूज यांनीही वाढतं. टाइप २ मधुमेहात लठ्ठपणा आणि थायरॉइड यांची सोबत किती नेहमीची आहे ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे मी ही तपासणी सरसकट लिहीत नाही. क्रिएटिनिनवर शंका घ्यायला जागा असेल तेव्हा लिहितो: माणूस फार बारीक आहे किंवा फार पिळदार आहे, ईजीएफआर ४५ ते ५९ मध्ये आहे पण लघवीत प्रथिन सापडत नाही, किंवा एखाद्या औषधाचा डोस अगदी मोजून द्यायचाय. आईच्या बाबतीत ती करायला हरकत नाही. पण त्याआधी थायरॉइडचा ताजा रिपोर्ट हाताशी असू द्या, आणि रांगेत तिचा नंबर दुसरा.

युरियाकडे मी किडनीचा आकडा म्हणून फार कमी बघतो. प्रथिनं जास्त खाल्ली, पाणी कमी प्यायलं, स्टेरॉइड चालू असलं, पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला, की युरिया वाढतो. क्रिएटिनिन जागच्या जागी आणि युरिया एकटाच वर, असं दिसलं तर पहिला संशय पाणी कमी पडल्याचा. एक बारकी गोष्ट: काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. एका लॅबचा बीयूएन १८ आणि दुसरीचा युरिया ३९ म्हणजे तोच आकडा. ‘महिन्यात दुप्पट झाला’ म्हणून घाबरून आलेले लोक मी पाहिलेत.

युरिक ॲसिडचं तर मधुमेही लोकांनी उगीच ओझं घेतलेलं असतं. किडनी कमी गाळायला लागली की ते वाढतं हे खरं. पण ते उतरवल्याने किडनी वाचते का, हे नीट तपासून झालंय. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवर ॲलोप्युरिनॉलची तीन वर्षांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. युरिक ॲसिड उतरलं, किडनीची घसरण थांबली नाही. गाउट (युरिक ॲसिडने सांधे सुजणं) किंवा युरिक ॲसिडचे खडे नसतील तर त्या आकड्यासाठी गोळी सुरू करायचं कारण नाही.

आता एका आकड्याकडे कुणी फारसं बघत नाही, पण मधुमेहात मी तो आवर्जून बघतो. पोटॅशियम. इतर किडनीच्या आजारांत ते बहुधा उशिरा, ईजीएफआर बराच खाली आल्यावर चढतं. मधुमेहात मात्र कधीकधी ईजीएफआर ५० च्या घरात असतानाच ५.५, ५.८ होतं. याचं कारण हॉर्मोनमध्ये आहे. मधुमेहाने किडनीतून रेनिन कमी सुटायला लागतं, त्यामुळे अल्डोस्टेरॉन कमी पडतं, आणि पोटॅशियम लघवीत ढकलण्याचं काम अल्डोस्टेरॉनचं. त्यासोबत रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल आवरणारा क्षार, थोडं उतरतं. क्रिएटिनिनच्या मानाने न शोभणारं पोटॅशियम दिसलं की हे मनात यायला हवं. त्यात भर म्हणजे मधुमेहात किडनी वाचवण्यासाठी जी औषधं देतात, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीची, तीही पोटॅशियम वाढवतात. स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनेरेनोन सोबत असेल तर आणखी. एवढंच की पोटॅशियम जास्त आलं म्हणून लगेच ही औषधं बंद करू नका. रक्त काढताना दंड फार वेळ आवळून ठेवला, रुग्णाने मूठ आवळून-सोडून केली, किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढतं. मूठ न आवळता पुन्हा सॅम्पल द्या, लवकरात लवकर द्या, आणि मग ठरवा. आकडा ६ च्या वर असेल किंवा अंगात अशक्तपणा, छातीत धडधड असेल तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी ईसीजी.

हिमोग्लोबिनही किडनीची साक्ष देतं. लाल पेशी बनवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं. मधुमेही रुग्णात ते इतरांपेक्षा लवकर कमी पडतं, त्यामुळे ईजीएफआर अजून बरा असतानाही रक्त कमी झालेलं दिसू शकतं. पण सगळं खापर किडनीवर फोडण्याआधी लोह आणि बी१२ बघून घ्यायचं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होतं, आणि ते भरून काढणं सोपं आहे.

हिमोग्लोबिनच्याच वाटेने एक सापळा येतो, त्यात खूप घरं अडकतात. किडनीचा आजार बराच पुढे गेला की लाल पेशी लवकर मरतात. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींवर गेल्या दोन-तीन महिन्यांत साचलेली साखर. पेशी जगल्याच कमी दिवस, तर साखर साचायला वेळच मिळत नाही. आकडा ६.५ येतो आणि प्रत्यक्षात शुगर २०० च्या वर फिरत असते. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं किंवा रक्त चढवलेलं असेल तर हा आकडा आणखीच बिनभरवशाचा. ईजीएफआर ३० च्या खाली गेलेल्या माणसाच्या एचबीएवनसीवर मी एकट्यावर औषध ठरवत नाही, घरच्या मशीनवरचे आकडे मागतो.

याच्याच जोडीला अशी गोष्ट, जी रिपोर्टमध्ये नसते, वहीत असते. एखादी मुलगी सांगते, ‘‘डॉक्टर, बाबांची शुगर आता खूप छान राहते, इन्सुलिन ३० युनिटचं १८ वर आलं, तरी कधीकधी पहाटे घाम येतो.’’ पथ्य बदललेलं नाही, वजन उतरलेलं नाही. इन्सुलिन मोडण्याचं बरंचसं काम किडनी करते. किडनी मंदावली की टोचलेलं इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्याही साचून राहतात, आणि शुगर खाली जाते. कारण नसताना ‘सुधारलेली’ शुगर म्हणजे क्रिएटिनिन ताबडतोब बघायचं निमित्त.

कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड हॉर्मोन हे आकडे उशिराचे. ईजीएफआर ६० च्या खाली गेल्यावर त्यांच्याकडे लक्ष द्यायला सुरुवात करायची. आईला आज त्यांची गरज नाही. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, कमी होणं हेही उशिराचं. तोवर लघवीतून ढिगाने प्रथिन जात असतं आणि पायांना सूज आलेली असते.

‘लवकर कळतं’ म्हणून ज्यांचा बोलबाला आहे, त्या नव्या मार्करांबद्दल, म्हणजे रक्तातल्या खुणांबद्दलही सांगतो, कारण इंटरनेटवर ते सापडणारच. बोस्टनच्या जोस्लिन डायबिटीस सेंटरमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की ज्या मधुमेही रुग्णांच्या रक्तात टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचे रिसेप्टर, एक आणि दोन क्रमांकाचे, जास्त असतात, त्यांची किडनी पुढच्या काही वर्षांत निकामी होण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त असते. टाइप १ मध्येही आणि टाइप २ मध्येही. हे रिसेप्टरही प्रथिनंच, आणि ते वाढणं म्हणजे दाह चालू असल्याची खूण. दुसरं केआयएम-१, किडनीच्या नलिकांच्या पेशींना इजा झाली की ते वाढतं, आणि लघवीप्रमाणे रक्तातही सापडतं. ही तिन्ही प्रथिनं आणि रुग्णाची नेहमीची माहिती एकत्र करून ‘या माणसाची किडनी वेगाने घसरेल का’ याचा गुणांक काढणारी एक तपासणी आहे, किडनी-इंटेल-एक्स नावाची. तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये परवानगी दिली. शास्त्र म्हणून हे सगळं मला फार आवडतं. दवाखान्यात बसल्यावर मात्र मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हा आकडा आला तर मी वेगळं काय करणार? मधुमेहात ईजीएफआर घसरतोय आणि लघवीत अल्ब्युमिन आहे एवढं कळलं, तरी जी औषधं द्यायची ती तीच. नव्या मार्करने धोका जास्त दाखवला म्हणून आज तरी वेगळं खास औषध हातात येत नाही. घाई करायला एक कारण मिळतं, तेवढंच.

आता त्या राहून गेलेल्या लघवीच्या तपासणीकडे. प्रश्न रक्ताचा आहे हे मला माहीत आहे, पण मधुमेहात किडनीची पहिली खूण बहुतेक वेळा रक्तात नसतेच. गाळणीचं जाळं सैल पडायला लागलं की आधी अल्ब्युमिन लघवीत झिरपतं. ईजीएफआर त्या वेळी अगदी उत्तम असू शकतो. त्या तपासणीचं नाव युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सकाळच्या पहिल्या लघवीचा छोटा नमुना पुरतो, २४ तासांची लघवी गोळा करायची गरज नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन म्हणजे ठीक, ३० ते ३०० म्हणजे इशारा, ३०० च्या वर म्हणजे आजार चांगलाच जोरात. साध्या ‘युरिन रुटीन’मध्ये ‘प्रोटीन: निल’ आलंय म्हणून ही तपासणी झाली असं समजू नका. ती पट्टी ढोबळ असते. ३० ते ३०० मधलं अल्ब्युमिन तिला बहुधा दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच पकडायचं असतं.

ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, फार चढलेली शुगर यांनी हा आकडाही तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन जास्त आले तरच तो खरा धरायचा. टाइप २ मध्ये मधुमेहाचं निदान झालं त्या दिवसापासून, आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, ईजीएफआर आणि हा रेशो दोन्ही वर्षातून एकदा करायचे असतात. दोन्ही का? कारण टाइप २ मधले बरेच रुग्ण असे निघतात की अल्ब्युमिन एक कणही नाही आणि ईजीएफआर ५० वर आलाय. एकट्या लघवीवर विसंबलात तर ते सुटतात, एकट्या रक्तावर विसंबलात तर सुरुवातीचे सुटतात.

आईच्या बाबतीत मी आता हे करेन. दोन-तीन आठवड्यांनी, ती ठणठणीत असताना, वेदनाशामक गोळ्या बंद ठेवून, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन पुन्हा; त्याच सकाळी लघवीचा रेशो. मधल्या सहा वर्षांतले जेवढे रिपोर्ट घरात सापडतील तेवढे काढा आणि क्रिएटिनिन तारखेसकट एका कागदावर लिहा. घसरण दर वर्षी थोडी थोडी झाली, की गेल्या वर्षभरात एकदम झाली, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे. हळूहळू झाली असेल, डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल असतील आणि लघवीत अल्ब्युमिन असेल, तर मधुमेहाचीच किडनी. एकदम झाली असेल, लघवीत रक्तपेशी असतील किंवा पडदा स्वच्छ असूनही भरपूर प्रथिन जात असेल, तर मधुमेहाला दोष देऊन मोकळं होऊ नका. दुसरा आजार असू शकतो आणि नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीतज्ज्ञाला, दाखवायला हवं, कधीकधी बायोप्सीही लागते.

औषधांचं तुमचे डॉक्टर ठरवतील, पण रिपोर्टच्या नजरेतून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटाची मधुमेहाची गोळी किंवा टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी गोळी सुरू केली, की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळणीच्या आतला जास्तीचा दाब उतरल्याची ती खूण आहे. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. आईचं १.० चं १.२ झालं तर गोळी चालू ठेवायची. ३० टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे १.३ च्या पुढे गेलं, तर थांबून कारण शोधायचं: पाणी कमी पडतंय का, किडनीच्या धमनीत अडथळा आहे का. ‘गोळीने किडनी बिघडली’ म्हणून घरच्या घरी ती बंद केलेले लोक दर महिन्याला भेटतात, आणि जी गोळी पुढची दहा वर्षं किडनी राखणार असते तीच सुटलेली असते.

मेटफॉर्मिन आज आहे तसं चालू राहू द्या. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर डोस कमी करावा लागेल, ३० च्या खाली गेला तर बंद. ६४ वर त्याला हात लावायचं कारण नाही. नव्या रिपोर्टचे आकडे आले की सोबत आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी, सांधेदुखीसाठी परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णांसकट, घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि रेशो ३०० च्या वर आला किंवा क्रिएटिनिन पुन्हा चढलेलं दिसलं, तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट बघू नका.